पालखी, दशावतार आणि दीपमाळ: अंधारासाठी लहान कॅमेरा निवडताना

कमी प्रकाशात उत्तम चालणारा लहान कॅमेरा कोणता, या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही, कारण कोकणात ज्या प्रसंगांसाठी असा कॅमेरा घेतला जातो, त्यांतला अंधार एका जातीचा नसतो. त्रिपुरी पौर्णिमेला देवळासमोर पेटलेली दीपमाळ, समईच्या उजेडात मखरात बसलेला गणपती किंवा रात्री बंदरात नांगरून ठेवलेल्या होड्या जागच्या हलत नाहीत. शटर अर्धा सेकंद उघडे राहिले तरी बिघडत नाही. शिमग्यात सहाणेवर खांद्यावरून नाचवली जाणारी पालखी, होमाभोवती धावणारी पोरे, गौरीच्या रात्री रंगलेली फुगडी किंवा दशावतारातले युद्ध मात्र अर्धा सेकंद देत नाही. तिथे सेकंदाच्या शंभराव्या-सव्वाशेव्या भागात फोटो घ्यावा लागतो. आपल्याला यांतले काय टिपायचे आहे हे आधी ठरवावे, मग दुकानात जावे. जाहिरातीतले आकडे हा भेद बहुधा झाकून टाकतात.

या आढाव्यात मुख्यतः पाच कॅमेरे घेतले आहेत. कॅनन जी७ एक्स मार्क ३ आणि सोनी आरएक्स१०० मार्क ७ हे दोन्ही २०१९ चे, एक इंची सेन्सरचे (सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारा भाग) आणि खरोखर खिशात मावणारे आहेत. पॅनासोनिक एलएक्स१०० मार्क २ हा २०१८ चा असून त्याचा सेन्सर एक इंचीहून मोठ्या, फोर थर्ड्स जातीचा आहे. रिको जीआर ३ हा २०१९ चा, त्याहूनही मोठ्या एपीएस-सी सेन्सरचा आणि झूम नसलेला कॅमेरा आहे. फुजीफिल्म एक्स१०० व्हीआय २०२४ मध्ये आला. तो खिशापेक्षा झोळीत शोभणारा आहे, पण लहान कॅमेऱ्यांच्या चर्चेत त्याला वगळून चालत नाही.

‘सेन्सर मोठा तेवढा अंधारात चांगला’ हे विधान अर्धेच खरे आहे. फोटोत एकूण किती प्रकाश उतरतो, हे सेन्सरचे क्षेत्रफळ आणि लेन्सचे ॲपर्चर (प्रकाश आत सोडणारे छिद्र) या दोहोंवर मिळून ठरते. एक इंची म्हणवणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो आणि एपीएस-सी साधारण २३.५ बाय १५.६ चा, म्हणजे क्षेत्रफळात तिपटीहून थोडा अधिक. यावरून रिकोने कॅननला सहज मागे टाकायला हवे. पण रिकोची लेन्स एफ २.८ ची आहे, तर कॅननची रुंद टोकाला एफ १.८ ची, आणि एफ १.८ मधून एफ २.८ च्या जवळपास अडीचपट प्रकाश आत येतो. गणित असे बसते की मशालींच्या उजेडात, सव्वाशेव्या भागाच्या शटरला, जिथे रिकोला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; ती वाढवली की फोटोत दाणे वाढतात) ३२०० लावावा लागेल तिथे कॅननचे काम आयएसओ १२५० वर होते, आणि दोन्ही फोटोंतले दाणे जवळपास सारखेच दिसतात. फरक अर्ध्या स्टॉपहूनही कमी राहतो. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा, हे लक्षात घेतले तर तो फरक छापील फोटोत शोधावा लागेल.

याच गणिताने पॅनासोनिकची बाजू अनपेक्षितपणे भक्कम होते. त्याचा सेन्सर नावापुरताच पूर्ण फोर थर्ड्स आहे. वेगवेगळ्या प्रमाणांचे फोटो घेता यावेत म्हणून त्याचा सगळा भाग कधीच वापरला जात नाही आणि चित्र १७ मेगापिक्सेलचे मिळते. तरीही वापरात येणारा भाग एक इंची सेन्सरच्या दीडपट भरतो, आणि लेन्स रुंद टोकाला एफ १.७ ची आहे. त्यामुळे २४ मिलिमीटरजवळ (लेन्सचा हा आकडा जितका लहान तितके दृश्य रुंद) तो रिकोच्या बरोबरीने, किंबहुना किंचित पुढे राहतो. रिकोची लेन्स पूर्ण उघडी असतानाही कोपऱ्यांपर्यंत धारदार आहे आणि पॅनासोनिकची तितकी नाही, हे खरे. पण रात्रीच्या पालखीच्या फोटोत कोपऱ्यात काळोखच असतो.

पालखीसाठी मात्र मी रिकोच सुचवीन, आणि त्याचे कारण सेन्सरमध्ये नाही. अंधारात फोटो फसण्याचे पहिले कारण बहुतेक वेळा दाणे नसून चुकलेला फोकस असते. कॅनन जी७ एक्स मार्क ३ केवळ कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेड-काळोखातला फरक, पाहून फोकस करतो; गुलाल उडालेला, मशाली हलत्या आणि समोर काळोख, अशा वेळी त्याची लेन्स मागेपुढे होत राहते आणि तोवर पालखी पुढच्या घराच्या खळ्यात पोचलेली असते. रिकोचा ऑटोफोकसही अशा उजेडात चाचपडतो, त्याबाबतीत त्याचे कौतुक करण्यासारखे काही नाही. पण त्याच्यात स्नॅप फोकस नावाची सोय आहे: अंतर आधीच ठरवून ठेवायचे, बटण एका दमात पूर्ण दाबायचे, आणि कॅमेरा काही न शोधता त्याच क्षणी फोटो घेतो. अंतर अडीच मीटर ठेवले, तर एफ २.८ वरही साधारण पावणेदोन मीटरपासून सव्वाचार मीटरपर्यंतचा भाग पुरेसा स्पष्ट येतो. पालखी नाचवणाऱ्यांच्या घोळक्यात शिरलेला माणूस नेमका याच अंतरावर उभा असतो. शिवाय या कॅमेऱ्याचे वजन बॅटरी आणि कार्डासह २५७ ग्रॅम आहे आणि तो एका हाताने चालवता येतो, ही गोष्ट दुसऱ्या हाताने पालखीला खांदा देणाऱ्यांनाच अधिक कळेल.

रिकोची उणीव तितकीच ठळक आहे. २८ मिलिमीटरच्या दृष्टिकोनात जे मावते तेच. जवळ जाता आले नाही, तर फोटो मिळत नाही. बॅटरी कंपनीच्या मापाने सुमारे २०० फोटो देते, म्हणजे होमापासून पालखी सहाणेवर परतेपर्यंत खिशात दुसरी बॅटरी असायलाच हवी. ज्यांना थोडा अरुंद दृष्टिकोन आवडतो त्यांच्यासाठी २०२१ चा जीआर ३ एक्स आहे; त्याची लेन्स ४० मिलिमीटरच्या तोडीची असून चेहऱ्यांना अधिक न्याय देते, मात्र लेन्स लांब झाल्यामुळे स्नॅप फोकसमध्ये स्पष्ट येणारा पट्टा बराच आखूड होतो. २०२५ मध्ये आलेल्या जीआर ४ मध्येही लेन्स २८ मिलिमीटर आणि एफ २.८ चीच आहे. एक मोठी सुधारणा झाली आहे ती कंपरोधनात, म्हणजे हात हलल्याने फोटो धूसर होणे टाळण्यात, आणि ती नाचत्या पालखीच्या उपयोगाची नाही.

दशावताराचा मामला वेगळा आहे. सिंधुदुर्गातल्या जत्रांत प्रयोग रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो; प्रेक्षक मांडी घालून बसलेले असतात, आणि संकासुराच्या समोर जाऊन उभे राहणे इतरांच्या दृष्टीने असभ्यपणाचे ठरते. म्हणून झूम लागतो. सोनी मार्क ७ चा झूम २०० मिलिमीटरपर्यंत पोचतो, त्याचा फोकस फेज डिटेक्शनवर (लेन्स कुठे आणि किती सरकवायची हे थेट मोजणाऱ्या पद्धतीवर) चालतो आणि या लहान कॅमेऱ्यांत तो सर्वांत चपळ आहे. रंगवलेला चेहराही तो बहुधा पकडून ठेवतो. अडचण ॲपर्चरची आहे. रुंद टोकालाच तो एफ २.८ चा आहे आणि पुढे जाता जाता एफ ४.५ वर येतो, तर कॅनन १०० मिलिमीटरलाही एफ २.८ राखतो. एकाच मापाच्या सेन्सरवर हा फरक अडीचपट प्रकाशाचा आहे. रंगमंचावर आता बहुतेक ठिकाणी भरपूर एलईडी फोकस असतात, तिथे सोनी निभावून नेतो. जुन्या वळणाच्या, दोन-चार दिव्यांच्या मांडावर तो हात टेकतो. सोनीचा फोकस हवा पण लेन्स उजळ हवी, असे ज्यांना वाटते त्यांनी २०१८ चा मार्क ५ए पाहावा: झूम फक्त २४ ते ७० मिलिमीटर, पण ॲपर्चर एफ १.८ ते २.८. नवा क्रमांक नेहमी पुढचाच असतो असे नाही, आणि कमी प्रकाशाच्या बाबतीत मार्क ५ए हा मार्क ७ पेक्षा सरस आहे.

रंगमंचाच्या दिव्यांविषयी एक गोष्ट कॅमेरा कोणताही असला तरी पाळावी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण नीरव इलेक्ट्रॉनिक शटर लावले की फोटोत आडवे पट्टे उमटतात. यांत्रिक शटर वापरावे आणि वेग शंभरावा किंवा पन्नासावा भाग ठेवावा. या सर्व कॅमेऱ्यांचे यांत्रिक शटर इतके हळुवार वाजते की कीर्तनातही शेजारचा वळून पाहणार नाही, त्यामुळे नीरव शटरची गरजही पडत नाही. मखरातल्या रंगीबेरंगी माळांसाठी फाइल ‘रॉ’ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात, घ्यावी. गणपतीच्या मूर्तीवर चढलेला निळा-जांभळा रंग जेपेगमधून नीट उतरत नाही.

स्थिर विषयांकडे वळले की वरचे बरेचसे गणित उलटे होते. इथे कंपरोधन महत्त्वाचे. कॅनन आणि रिको दोन्ही सुमारे चार स्टॉपचा दावा करतात, फुजीफिल्म एक्स१०० व्हीआय सहा स्टॉपपर्यंतचा. हे आकडे चाचणीतले असतात, प्रत्यक्षात एखाद-दुसरा स्टॉप कमीच धरावा. तरीही दीपमाळेचा फोटो पाव सेकंदाला हातात धरून निघतो. ट्रायपॉड जवळ असेल तर आयएसओ तळाला ठेवता येतो आणि मोठ्या सेन्सरचे खरे वैभव तेव्हा दिसते: ज्योतीचा उजेड न फाटता काळ्या दगडाचा पोतही राहतो. हिवाळ्यात काही किनाऱ्यांवर लाटांमध्ये निळी चमक दिसते, तिच्यासाठीही ट्रायपॉड, हाताने अनंतावर लावलेला फोकस आणि दहा-पंधरा सेकंदांचे शटर लागते.

याच ठिकाणी मोबाइलचा उल्लेख करणे भाग आहे. आजचे चांगले मोबाइल एकापाठोपाठ अनेक चित्रे घेऊन ती एकत्र करतात, त्यामुळे स्थिर दीपमाळ त्यांच्यातून सुरेख येते. ज्याला फक्त मखर, देऊळ आणि बंदर टिपायचे आहे त्याने वेगळ्या कॅमेऱ्यावर खर्च करण्याची घाई करू नये. पालखी मात्र या पद्धतीत फसते: नाचणारी माणसे एक तर फराटल्यासारखी येतात किंवा त्यांचे हात अर्धवट विरघळतात.

वेळास, आंजर्ले इथे फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडली जातात, तीही सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर. फ्लॅश अजिबात वापरायचा नसतो आणि दोरीच्या अलीकडेच उभे राहायचे असते. इथे रिको निरुपयोगी आहे. कॅननचा १०० मिलिमीटरचा एफ २.८ झूम या पाचांत सर्वांत सोयीचा.

फुजीफिल्म एक्स१०० व्हीआय हा या सर्वांत अंधाराला सर्वाधिक पुरा पडणारा आहे. एपीएस-सी सेन्सर, एफ २ ची लेन्स, ३५ मिलिमीटरचा दृष्टिकोन. म्हणजे रिकोच्या दुप्पट आणि कॅननच्या अडीचपट प्रकाश. आधीच्या एक्स१०० व्ही मध्ये कंपरोधन नव्हते, ते यात आले. पण वजन ५२१ ग्रॅम आहे आणि किंमत लाखाच्या बरीच वर जाते, आणि तेवढ्या पैशात लेन्स बदलता येणारा कॅमेरा घेऊन एक उजळ लेन्स जोडता येते. गावच्या देवस्थानच्या उत्सवांचे काम वर्षानुवर्षे मनापासून करणाऱ्याने तो जरूर घ्यावा. वर्षातून दोनदा मुंबईहून गावी येणाऱ्याला तो घ्या असे सांगणे मला जमणार नाही. त्याला मी पॅनासोनिक किंवा सोनी मार्क ५ए सुचवीन.

कोकणची हवा हा या निवडीतला सहावा उमेदवार समजावा. यांतला एकही कॅमेरा जसाच्या तसा पावसाला पुरा पडत नाही. फुजीफिल्मला वेगळी रिंग आणि फिल्टर लावल्यावरच तो पाणी-धुळीपासून सुरक्षित होतो. पुढे येणाऱ्या लेन्सचे कॅमेरे आत जाता-येता हवा ओढतात, आणि किनाऱ्यावरच्या वाऱ्यात तिच्याबरोबर बारीक वाळूही येते. रिकोच्या जीआर मालिकेत सेन्सरवर धूळ बसण्याची तक्रार जुनी आहे आणि ती घरी साफ करता येत नाही. पावसाळ्यात कॅमेरा कपाटात कपड्यांमध्ये ठेवल्यास लेन्सला बुरशी धरते. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि दर पंधरवड्याला त्या वाळवणे, एवढे पुरते.

एलएक्स१०० मार्क २ आणि मार्क ५ए आता बहुधा वापरलेलेच मिळतील. असा कॅमेरा विकत घेताना झूम दोन्ही टोकांना नेऊन ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवावे आणि मोबाइलची टॉर्च लेन्सवर तिरकी पाडून आत बुरशीच्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसतात का ते पाहावे. दिसल्यास किंमत कितीही उतरली तरी तो कॅमेरा घेऊ नये, कारण या कॅमेऱ्यांची लेन्स उघडून साफ करण्याचा खर्च बहुधा त्याच्या किमतीला भिडतो. मग एफ ८ ठेवून पांढऱ्या भिंतीचा एक फोटो घ्यावा. सेन्सरवर धूळ असेल तर करडे ठिपके तिथेच दिसतील.