छोट्या बोटीवर फ्युएल फ्लो मीटर: वेग आणि पेट्रोल दोन्ही सांभाळायचंय तर आधी हे लावा

छोट्या आउटबोर्डवाल्या (म्हणजे मागे बाहेरून इंजिन लावलेल्या) बोटीसाठी एकच ऍक्सेसरी घ्यायची असेल तर कोणती घेऊ असं कोणी विचारलं तर मी सरळ फ्युएल फ्लो मीटर सांगतो, म्हणजे इंजिनाला किती पेट्रोल जातंय ते मोजणारा मीटर. नवीन प्रॉप (इंजिनाचा पाण्यातला पंखा) नंतर, इंजिनाला मागे लावायचे ते पंखांसारखे फॉइल बिइल त्याच्याही नंतर, कारण ते लावून फायदा झाला की नाही हे कळणार कशावरून? टाकीचा काटा तर लाटांबरोबर नाचत असतो, त्याच्यावरून काय ठरवणार.

मी वापरतोय तो साध्यातला प्रकार आहे. पेट्रोलच्या पाइपमध्ये छोटा सेन्सर बसतो, त्याच्या आत बारीक चक्र असतं, पेट्रोल वाहिलं की ते फिरतं आणि किती फिरलं त्यावरून डिस्प्लेवर ताशी लिटर दिसतात. सोबत जीपीएस जोडलं की तोच डिस्प्ले एका सागरी मैलाला (साधारण 1.85 किलोमीटर) किती पेट्रोल गेलं तेही दाखवतो, आणि पैसे खरं तर या दुसऱ्या आकड्याचे आहेत. नुसता ताशी लिटरचा आकडा बघाल तर फसाल.

कसं ते बघा. समजा 60 एचपीचं फोर स्ट्रोक इंजिन आहे आणि बोट 9 नॉटने, म्हणजे ताशी 9 सागरी मैलांनी, चाललीय, पुढचा भाग वर उचललेला, मागचा पाण्यात रुतलेला, मागे भलीमोठी लाट, आणि मीटर सांगतोय ताशी 10 लिटर. आता थ्रॉटल थोडा पुढे नेला, बोट पाण्यावर सपाट झाली, 18 नॉट आले आणि मीटर सांगतोय 11. तासाचा आकडा वाढला की! पण मैलाचा हिशोब करा, आधी 1.1 लिटर जात होतं, आता 0.6. म्हणजे जरा जोरात गेल्यावर मैलामागचं पेट्रोल जवळपास निम्मं झालं. 'हळू चालवा, पेट्रोल वाचेल' हे आपण गाडीवरून शिकलेलं असतं, ते प्लेनिंग बोटीला, म्हणजे वेगात पाण्यावर अशी सपाट होऊन पळणाऱ्या बोटीला, या मधल्या पट्ट्यात उलटं लागू होतं, आणि कित्येक जण नेमके ह्याच वेगात तासन्तास चालवतात कारण त्यांना वाटतं आपण जपून चालवतोय.

खरंच हळू जायचं असेल तर मग पूर्ण हळू जा. बोट पाणी कापत चालते तेव्हा तिचा वेग पाण्यातल्या लांबीवर अवलंबून असतो, फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले 1.34 केलं की नॉटमध्ये मर्यादा येते. 16 फुटांची पाण्यातली लांबी असेल तर साधारण 5.4 नॉट. त्याच्या थोडं खाली राहिलात तर पेट्रोल अगदी कमी लागतं, त्याच्या वर गेलात की बोट स्वतःच्याच लाटेवर चढायला बघते आणि सगळी ताकद त्याच्यात जाते. मधे रेंगाळायचं नाही, एकतर खाली राहा नाहीतर पार वर या.

वर आल्यावरही थ्रॉटल दाबतच जायचं असं नाही. पेट्रोल फोर स्ट्रोकचा ढोबळ हिशोब म्हणजे फुल थ्रॉटलला 100 एचपीमागे ताशी 38 लिटरच्या आसपास, म्हणजे 60 एचपीला 22-23 लिटर. समजा त्यात 28 नॉट मिळाले तर मैलाला 0.8 लिटर. 18 मैलांच्या फेरीत 18 नॉटने एक तास आणि 11 लिटर, 28 नॉटने 39 मिनिटं आणि 14 लिटर. 21 मिनिटांसाठी 3 लिटर द्यायचे का हे ज्याने त्याने ठरवावं, पण ठरवताना आकडा समोर पाहिजे, आणि मीटर तो देतो म्हणून मला हा आवडतो. आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, प्रत्येक बोटीचे वेगळे निघतील.

मीटर लावल्यावर पहिलं काम म्हणजे स्वतःच्या बोटीचा तक्ता बनवा. शांत पाणी बघून 500-500 आरपीएमने वर जात प्रत्येक टप्प्यावर मिनिटभर थांबा, वेग आणि लिटर लिहा, आणि तेच उलट्या दिशेने करून सरासरी काढा, कारण जीपीएस जमिनीवरचा वेग दाखवतं आणि प्रवाह असेल तर एका दिशेला बोट उगाच वेगवान वाटते. लोड पण नेहमीसारखा ठेवा, एकट्याने रिकामी बोट पळवून काढलेले आकडे चार माणसं बसल्यावर कामाचे नाहीत.

ट्रिम, म्हणजे इंजिन बोटीकडे आत किंवा बाहेर कलवणं, शिकायला तर याच्यासारखा मास्तर नाही. निघताना इंजिन पूर्ण आत, बोट सपाट झाली की बटण थोडं थोडं दाबत बाहेर, आणि नजर डिस्प्लेवर. थ्रॉटल न हलवता वेग वाढत जातो आणि मैलामागचं पेट्रोल उतरत जातं, मग एका जागी बोट पुढून डुचमळायला लागते किंवा प्रॉप हवा ओढतो आणि आरपीएम एकदम चढतं, तिथून जरासं परत आत. ही जागा रोज बदलते, कोण कुठे बसलंय, टाकी किती भरलीय, वारा कुठून आहे, सगळ्यावर.

प्रॉपचंही तसंच. फुल थ्रॉटलला इंजिन कंपनीने सांगितलेल्या आरपीएमच्या पट्ट्यात पोचतं का ते आधी बघा. पोचत नसेल तर पिच (प्रॉप एका फेऱ्यात जितके इंच पुढे सरकायला बनवलेला असतो तो आकडा) जास्त आहे, इंजिन ओझ्याखाली चाललंय, आणि 1 इंच पिच कमी केला की साधारण 150 ते 200 आरपीएम वाढतात. बदलण्याआधीचा आणि नंतरचा तक्ता शेजारी ठेवला की वाद संपतो. बोटीच्या तळाला शेवाळ धरलं की तेही इथेच आधी दिसतं, त्याच आरपीएमला वेग कमी, मैलाला पेट्रोल जास्त. मग तळ घासून घ्यायचा, इंजिनला दोष द्यायचा नाही.

आता न आवडलेल्या गोष्टी. अगदी मंद चालवताना आकडा उड्या मारतो, कार्ब्युरेटरच्या इंजिनावर तर फारच, प्रवाह इतका कमी असतो की चक्र धड फिरत नाही. त्या वेगात बराच वेळ घेऊन सरासरी बघा. कॅलिब्रेशनही पेटीतून काढल्या काढल्या बरोबर नसतं, टाकी काठोकाठ भरा, भरपूर चालवा, परत त्याच खुणेपर्यंत भरा आणि पंपावरचे लिटर मीटरमध्ये टाका, असं दोन-तीनदा केलं की भरवशाचं होतं. सेन्सर नेहमी पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला लावा, नाहीतर कचऱ्याने चक्र अडकतं. क्लॅम्प बोटींसाठीचे चांगले वापरा आणि जोडल्यावर बल्ब (पाइपमधला हाताने दाबायचा रबरी पंप) दाबून प्रत्येक जोड बोटाने तपासा, पेट्रोलच्या लाईनमध्ये हलगर्जीपणा अजिबात नको.

इंजिन नवीन इंजेक्शनवालं असेल तर घाई करू नका, बऱ्याच इंजिनांत हा आकडा आधीच तयार असतो आणि एनएमईए 2000 (बोटीवरची उपकरणं एकमेकांना जोडायची ठरलेली पद्धत) च्या केबलने डिस्प्लेवर आणता येतो, वेगळा सेन्सर लागतच नाही. डिझेल असेल तर हा एका सेन्सरवाला सेट घेऊ नका, तिथे उरलेलं डिझेल टाकीत परत जातं, त्यामुळे जाणारं आणि येणारं असे दोन सेन्सर लागतात.

आणि 'उरलेलं पेट्रोल' म्हणून जो आकडा दिसतो तो मीटर वजाबाकी करून काढतो, टाकीत बघून नाही. भरल्यावर तुम्ही आकडा टाकायला विसरलात किंवा पाइप सेन्सरच्या आधी गळत असेल तर त्याला काही कळत नाही. म्हणून एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश राखीव हा हिशोब मीटर असला तरी मी सोडत नाही.