नऊ महिन्यांत गटिंग तुटलं नाही, तक्रार हीच आहे

रॅकेटबद्दल फार लिहीत नाही. १०० चौरस इंचांचं तोंड, ३०० ग्रॅम, १६ उभ्या आणि १९ आडव्या तारा. चाळिशीत टेनिसला लागलेल्या कुणाच्याही पिशवीत अशीच एखादी निघेल. मागच्या वर्षीचं मॉडेल म्हणून साडेअकरा हजारांत पडली. फ्रेम उत्तम. दोनदा नेटच्या खांबावर आपटली (एकदा चुकून), तरी चीर नाही. मला बोलायचंय ते तिच्यातल्या गटिंगबद्दल, म्हणजे विणलेल्या तारांबद्दल.

दुकानदाराने विचारलं, कुठलं गटिंग करू? मी म्हणालो, जे तुटणार नाही ते. तिथेच माती खाल्ली. त्याने पॉलिएस्टर घातलं, ५५ पाउंडांच्या ताणावर. मी कुठेतरी वाचलं होतं म्हणून म्हटलं, पॉली जरा सैल ठेवतात ना, ५० करा. तर म्हणाला, "साहेब, मी सगळ्यांना ५५च करतो. मोठे खेळाडू हेच वापरतात. वर्षभर बघायला नको." आता मोठे खेळाडू वापरतात हे खरंच आहे. १९९७ साली ब्राझीलचा कुएर्तेन फ्रेंच ओपन जिंकला तो याच जातीच्या तारेवर, आणि त्यानंतर हळूहळू सगळे तिकडे वळले. फक्त ते लोक ही तार वर्षभर ठेवत नाहीत. मॅचमध्ये नवे बॉल येतात, पहिल्यांदा सात गेमनंतर आणि मग दर नऊ गेमनंतर, तेव्हा बरेच जण रॅकेटसुद्धा ताजी घेतात. हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण "वर्षभर बघायला नको" एवढंच माझ्या कानात शिरलं होतं.

जूनमध्ये रॅकेट घेणं हाही शहाणपणा नव्हता. पुण्यात पाऊस लागला की मातीची कोर्टं बंद. मग सोसायटीच्या पार्किंगची भिंत. भिंतीचा एक गुण असा, की ती चुकत नाही. चूक दरवेळी आपलीच. चार महिन्यांत फोरहँड सुधारला तो तिच्यामुळे, वॉचमनच्या शिव्या धरून. सर्व्हिस मात्र सुधारेना. शेवटी मुलीने मोबाइलवर व्हिडिओ काढला. माझ्या मनात मी बोपण्णा होतो. (त्याने २०२४ मध्ये ४३व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकली, ते पाहूनच तर मी या फंदात पडलो.) व्हिडिओत एक इसम छताची जळमटं काढत होता. पकड चुकीची होती, तव्यातली पोळी उलटताना उलथनं धरतात तशी. हातोडी धरतात तशी पकड करायला सांगितल्यावर तीन आठवडे एकही सर्व्हिस चौकोनात पडली नाही, आणि एका सकाळी सलग चार पडल्या. तो दिवस ऑफिसात फार छान गेला.

या खुशीत दिवाळीला मी लिहून ठेवलं होतं: "पाच महिने, आठवड्याला तीन दिवस, तार जशीच्या तशी. पैसा वसूल. पाचपैकी पाच."

ते मागे घेतो.

तार जशीच्या तशी नव्हती. दोन पॉइंटच्या मध्ये वाकड्या तारा बोटांनी सरळ करायची मला सवय लागली होती. टीव्हीवरचे करतात तशी. मला वाटायचं आपण आता खेळाडू दिसायला लागलो. आमच्याकडे एक काका आहेत, अडुसष्ट वर्षांचे, सगळे बॉल तिरक्या रॅकेटने कापून मारतात आणि आम्हाला रडवतात. ते माझं हे नाटक बघत होते. एक दिवस रॅकेट हातात घेऊन त्यांनी एक उभी तार अंगठ्याने बाजूला सरकवली आणि सोडली. ती तिथेच राहिली. "ही परत यायला हवी होती," काका म्हणाले. "मेली ही. कधीच मेली."

त्या तारेची सगळी करामत त्या परत येण्यात असते. जोरात घासून मारलं की उभ्या तारा सरकतात, झटक्यात जागेवर येतात आणि बॉलला फिरकी देतात. त्यासाठी हात तेवढा वेगाने फिरावा लागतो, जो माझा फिरत नाही. म्हणजे फायदा मला पहिल्या दिवसापासून नव्हताच. वर ही तार ताण फार लवकर सोडते, रॅकेट नुसती पडून असली तरी. मग आडव्या-उभ्या तारा एकमेकींत खाचा पाडून अडकून बसतात. बॉल उगाच लांब उडतो, आपण दंडात जोर आणून तो आवरतो. तुटत मात्र नाही. साध्या तारेने केव्हाच तुटून मला दुकानात धाडलं असतं.

जानेवारीत एका सकाळी दुधाची पिशवी पातेल्यात ओतताना कोपराच्या बाहेरच्या हाडाशी अशी कळ आली, की अर्धं दूध ओट्यावर. टेनिस एल्बो. फिजिओथेरपीचे दहा दिवस, पाच हजार रुपये. न तुटणाऱ्या गटिंगवर वाचवलेल्या पैशांचा हिशेब बायकोने तिथल्या तिथे करून दाखवला. खरं सांगायचं तर दोष सगळा तारेचा नाही. फिजिओने माझा बॅकहँड करून दाखवायला सांगितला आणि मनगट बघून मान हलवली. मनगट मोडून, बॉल अंगाच्या मागे गेल्यावर मारतो मी. पण मनगटाचे पैसे परत मागता येत नाहीत, म्हणून दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, "तुम्हीच म्हणालात ना, तुटायला नको?" यावर काय बोलणार.

फेब्रुवारीअखेर, दीड महिन्याच्या सुट्टीनंतर, दुसरीकडे मऊ मल्टिफिलामेंट (बारीक धागे एकत्र करून केलेली तार) घालून घेतलं. ५० पाउंड, मजुरीसकट चौदाशे. पहिल्याच बॉलला हाताला कळलं. आवाज टणकन् येत नाही, थपकन् येतो. काकांचा नियम साधा आहे: आठवड्यात जितके दिवस खेळता तितक्यांदा वर्षात गटिंग बदला, आणि दांड्याच्या वर पट्टी चिकटवून तारीख लिहा. मी लिहिली आहे. वर्षाचे बेचाळीसशे होतात, हे लिहिताना हात जरा अडखळला.

आता पाच आठवडे झालेत. मधल्या दोन तारांना सुतासारखे केस सुटलेत. काल काकांनी बघितलं, काही बोलले नाहीत. मला वाटतं अजून महिनाभर सहज निघेल.