डबा कंपनीचा, आतले ब्रेक पॅड भलतेच

सोलापुरात स्पेअर पार्टच्या दुकानातून ब्रेक पॅड आणून घरीच बसवणारे पुष्कळ लोक आहेत. हे मुख्यतः त्यांच्यासाठी लिहितोय. गॅरेजमध्ये काम करून घेणाऱ्यांनीही वाचावं, कारण बऱ्याच गॅरेजवाल्यांचा माल त्याच दुकानांतून येतो. पण घरी बसवणाऱ्याला फसवणं जास्त सोपं असतं. काही बिघडलं की दुकानदाराकडे उत्तर तयार असतं, "तुम्ही घरी बसवलंय, आमचा काय संबंध?" हे उत्तर मला तोंडावर मिळालं. ते कसं खोडून काढलं, ते सविस्तर सांगतो.

मी पेशाने फिटर. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागांच्या देखभालीचं काम केलं. गाडीचं ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड ही कामं मी घरच्या अंगणातच करतो. यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला पुढच्या चाकातून किर्र आवाज यायला लागला. पॅडला एक पातळ पत्र्याची जीभ असते. लायनिंग, म्हणजे पॅडचा घासणारा थर, संपत आलं की ती चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासते आणि ओरडते. कंपनीने मुद्दाम ठेवलेली ती सूचना असते. चाक काढून पाहिलं, लायनिंग तीन मिलिमीटरच्याही खाली गेलं होतं. बदलायलाच हवं होतं.

पार्ट नंबर कागदावर लिहून नेला. दुकान शहरातल्या गर्दीच्या भागातलं, मोठ्या पाटीचं, काउंटरवर चार माणसं. नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. त्यांतल्या एकाने गाडी बनवणाऱ्या कंपनीच्याच नावाचा डबा काढून ठेवला. वर प्लॅस्टिकचं सील, चकाकणारा होलोग्राम, बॅच नंबर, एमआरपी 1,890 रुपये. मला 1,550 ला दिला. एवढी सूट बाजारात मिळतेच, त्यात संशय यावा असं काही नव्हतं.

खरी ओढाताण बिलावरून झाली. "पक्कं बिल पाहिजे असंल तर जीएसटी वर लागंल, मालक," असं तो म्हणाला. हे वाक्य कुठल्याही दुकानात ऐकलंत तर तिथेच सावध व्हा. एमआरपीमध्ये सगळे कर धरलेले असतात, बिल मागितलं म्हणून त्यावर कर लावता येत नाही. मी तसं सांगितलं. मग कुरकुरत त्याने बिल फाडलं, त्यावर नुसतं "ब्रेक पॅड 1 सेट". मी तिथेच उभा राहून पार्ट नंबर आणि डब्यावरचा बॅच नंबर त्याच्याच पेनाने त्याच्याकडून लिहून घेतला, शिक्का मारून घेतला. पुढे जे काही झालं ते या एका ओळीच्या जोरावर झालं.

बसवताना पुतण्याने मोबाइलवर सगळं चित्रण केलं. त्याला काम शिकायचं होतं. सपाट फरशीवर गाडी, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड, चाकाचे नट आधी जमिनीवरच सैल केले, मग जॅक आणि त्याच्या जोडीला स्टँड. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कुणीही हात आत घालू नये, हे मी त्याला पहिल्यांदा सांगितलं. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, सोडून तारेने स्प्रिंगला बांधला, ब्रेक ऑइलच्या होजवर (नळीवर) लटकू दिला नाही. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना पुसून सिलिकॉन ग्रीस लावलं. जुना पॅड मध्ये ठेवून सी-क्लॅम्पने पिस्टन हळूहळू मागे दाबला, एक डोळा ब्रेक ऑइलच्या डब्यावर ठेवून, कारण पिस्टन मागे गेला की ऑइल वर चढतं आणि रंगावर सांडलं तर रंग खातं. सगळं आवळल्यावर गाडी हलवण्याआधी पॅडल पुन्हा पुन्हा दाबून घट्ट करून घेतलं. मग मोकळ्या रस्त्यावर वेग वाढवून, पूर्ण न थांबता कमी करत पॅड डिस्कला बसवून घेतले. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारायचे नाहीत, तेही पाळलं. नवीन पॅडच्या कडेला छापलेली "एफएफ" ही अक्षरंही पाहिली होती. ती घर्षणाची खूण असते. पहिलं अक्षर साध्या तापमानाचं, दुसरं तापल्यानंतरचं, आणि "एफ" म्हणजे 0.35 ते 0.45 या दरम्यानचा घर्षण गुणांक. खोटा माल बनवणाऱ्याने तीही छापली होती.

शहरात फारसं जाणवलं नाही. सात रस्ता, विजापूर रोड, सिग्नलला थांबणं, एवढ्याने पॅड तापत नाहीत. वास यायचा, नव्या पॅडला थोडा येतोच.

मग आईला घेऊन तुळजापूरला गेलो. देवीचं दर्शन झालं, दुपारच्या उन्हात परत निघालो. तुळजापूर बालाघाटच्या डोंगरावर, त्यामुळे सोलापूरकडे येताना घाट उतरावा लागतो. उतारावर ब्रेक दाबतोय आणि गाडी हवी तशी थांबत नाहीये. आत जळका वास. पॅडल घट्ट लागत होतं, खाली जात नव्हतं, पण गाडी सुटत चालली होती. मी दुसऱ्या गिअरवर घेतली, इंजिनाने वेग आवरला, हँडब्रेक थोडा थोडा ओढत कडेच्या रुंद जागेत गाडी लावली. मागून ट्रक येत होते. आईने मला एक शब्द विचारला नाही, फक्त माझा दंड धरून बसली. त्या चार-पाच मिनिटांचा हिशेब कुठल्याही बिलात लागत नाही, आणि मी हे सगळं लिहितोय ते त्यांच्यापायी.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, पुढे भांडताना ती कामाला येते. पॅडल मऊ पडून खाली गेलं असतं तर ब्रेक ऑइल उकळलंय किंवा लाइनमध्ये हवा शिरलीय असा अर्थ झाला असता, आणि दुकानदाराला माझ्या कामाकडे बोट दाखवता आलं असतं. पॅडल घट्ट आणि तरी गाडी थांबत नाही, म्हणजे दाब पोचतोय पण पॅडची पकड गेलीय. लायनिंगमधले पदार्थ रेझिन नावाच्या चिकट पदार्थाने बांधलेले असतात. हलकं रेझिन तापलं की जळतं, त्याचा वायू आणि चिकटा पॅड आणि डिस्कच्या मध्ये येतो आणि पॅड नुसता सरकत राहतो.

गार होऊ दिली, सावकाश दुसऱ्या गिअरवर उतरलो. घरी येऊन चाक काढलं. डाव्या बाजूच्या आतल्या पॅडचं लायनिंग एका कडेने मागच्या लोखंडी प्लेटपासून सुटलं होतं, भाकरीचा पापुद्रा सुटावा तसं. पेचकसाच्या टोकाने जरा उचललं तर अर्धा तुकडा हातात आला. खाली गंजकी प्लेट, गंजावरच काळा रंग मारलेला. पाठीवर शिम, म्हणजे पातळ पत्रा, चिकटवलेला असल्याने बाहेरून हे दिसायला मार्गच नव्हता. माझ्या गाडीच्या मूळ पॅडमध्ये प्लेटला भोकं आहेत, त्यांत लायनिंगचा माल दाबून भरलेला आहे, म्हणजे पकड नुसत्या गोंदावर नाही. या प्लेटला एकही भोक नव्हतं. व्हर्नियरने मोजलं तर प्लेटही जुन्यापेक्षा पातळ. डिस्कवर नखाला लागतील अशा खोल रेघा पडल्या होत्या. दोन्ही डिस्क बदलाव्या लागल्या, तो खर्च पॅडच्या कितीतरी पट झाला.

दुकानात गेलो तेव्हा काउंटरवरच्याने पॅड हातातही घेतला नाही. "घरी बसवलंय म्हणलालाव, मग आम्ही काय करनार? मेस्त्रीकडनं बसवायचं की." मी पुतण्याने काढलेलं चित्रण दाखवलं, त्यात सील फोडण्यापासून शेवटचा बोल्ट आवळेपर्यंत सगळं होतं. मग त्याने पवित्रा बदलला. "हा पॅड आमच्याकडचा नव्हंच." मी बिल पुढे केलं. त्यावर त्याच्याच अक्षरातला बॅच नंबर, डब्यावर तोच बॅच नंबर, आणि चित्रणात तोच डबा फोडताना दिसतोय. यावर तो गप्प झाला आणि मालकाला बोलावलं.

मालक गोड बोलले. चहा मागवला. आधी म्हणाले, दुसरा सेट घेऊन जा, पैसे नकोत. आणि त्याच फळीवरून तसाच डबा काढून माझ्यासमोर ठेवला. मी नको म्हटल्यावर पूर्ण पैसे परत द्यायला तयार झाले, एका अटीवर, डबा, पॅड आणि बिल तिथेच ठेवून जायचं. "हिशोबाला लागतंय ओ, वर कंपनीला परत पाठवायचं असतंय." तुमच्यावर ही वेळ आली तर इथे थांबा. त्या 1,550 रुपयांच्या बदल्यात ते तुमचा सगळा पुरावा विकत घेत असतात. पैसे परत घ्यायला हरकत नाही, पण वस्तू आणि बिल हातातून सोडू नका. मी सोडलं नाही, तेव्हा पैसेही मिळाले नाहीत.

तिथून अधिकृत वितरकाच्या काउंटरवर गेलो. त्या माणसाने डबा उजेडात फिरवला आणि खऱ्या डब्याशेजारी ठेवला. खऱ्याचा होलोग्राम तिरका केला की रंग आणि आकृती बदलते, माझ्या डब्यावर नुसता चकाकणारा कागद होता. अक्षरांची जाडी वेगळी, एमआरपीच्या स्टिकरची छपाई फिकट. लेखी द्यायला तो तयार नव्हता, त्याची अडचण मी समजू शकतो. मग मी फोटो जोडून कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल केला. हा माल आमचा नाही, असं लेखी उत्तर आलं. तो कागद आता फाइलमध्ये आहे.

ओळखीच्या एका जुन्या मेस्त्रीने आणखी एक गोष्ट सांगितली. माझा डबा सरळ नकली छापलेला होता, पण काही वेळा डबा अस्सल असतो आणि माल नकली. गॅरेजबाहेर टाकलेले, भंगारात गेलेले रिकामे डबे गोळा होतात, त्यांत हलका माल भरून पुन्हा सील मारलं जातं. म्हणून माझी विनंती आहे, पॅड व्यवस्थित चालतायत अशी खात्री पटेपर्यंत डबा जपून ठेवा, आणि नंतर रद्दीत देण्याआधी फाडून, होलोग्राम खरवडून टाका. तुमच्या डब्यातून दुसऱ्या कुणाच्या गाडीत असा पॅड जाऊ नये.

जुने पॅड काढल्या काढल्या फेकू नका. लायनिंग झिजतं, प्लेट झिजत नाही. त्यामुळे जुन्या अस्सल पॅडची प्लेट ही तुमच्या घरातली मापाची वस्तू आहे. नवा पॅड शेजारी ठेवा. जाडी, कानांचा आकार, शिमची बसण्याची जागा जुळते का पाहा. शिम सहज निघत असेल तर काढून प्लेटची पाठ बघा, रंगाखाली गंज आहे का, लायनिंग धरून ठेवणारी भोकं आहेत का. काही चांगल्या पॅडमध्ये भोकांऐवजी दुसरी रचना असते, म्हणून तुमच्या गाडीच्या मूळ पॅडशीच तुलना करा. कडेला नख किंवा पेचकस ओढला आणि भुगा पडला तर बसवू नका. भुगा फुंकून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, हलक्या मालात ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा.

तक्रारीचं सांगतो. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर नोंदवली. दुकानदाराने तिथे काही उत्तर दिलं नाही. मग सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये बनावट वस्तूंची वेगळी व्याख्याच आहे, अस्सल असल्याचं खोटं सांगून विकलेला माल तिच्यात बसतो. दुसऱ्याचं नाव लावलेला माल विकणं हा ट्रेड मार्क कायदा 1999 खालीही गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. मी पॅडचे, डिस्कचे पैसे आणि झालेल्या त्रासाची भरपाई मागितली आहे. तारखा सुरू आहेत.

दुकान अजून चालू आहे आणि ती फळी भरलेलीच आहे, परवाच तिथून जाताना पाहिलं. तुम्ही यंदा शहरातल्या कुठल्याही दुकानातून कंपनीच्या डब्यातले पण सुट्या बाजारातले पॅड घेतले असतील, बिलावर बॅच नंबर नसेल आणि तुळजापूरला किंवा कुठल्याही घाटाला निघणार असाल, तर निघण्याआधी एक पुढचं चाक काढून आतल्या पॅडची कड बघा. लायनिंग आणि प्लेटच्या मध्ये केसाएवढी जरी फट दिसली तरी गाडी घरीच ठेवा, एसटीने जा.