मांडवीतला लाकडी भोवरा: घ्यावा, पण जाळी बदलून

वेकेशनमध्ये वडोदऱ्यात मांडवी ते न्यायमंदिर या पट्ट्यातल्या गाड्यांवर लाल-हिरवा लाकडी भोवरा मिळतो. मागताना गुजरातीत ‘भमरडो’ म्हणायचं. सुट्टीसाठी घ्यायचा तर हाच घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. फक्त गाडीवरून थेट पोरांच्या हातात देऊ नका. लाकूड चांगलं, आर (खालचा खिळा) बरी आणि जाळी (गुंडाळायची दोरी) टाकाऊ, असा हा माल आहे.

आधी जाळीचं पाहू. सोबत मिळते ती नायलॉनची दोरी तैलरंगावर धरतच नाही. भोवरा हातातून सुटण्याआधीच वेढे सैल पडतात, तो आडवा आपटतो आणि मुलाला वाटतं की आपल्यालाच जमत नाही. ती काढा आणि ३ मिलिमीटर जाडीची, दीड मीटर लांब सुती दोरी आणा. ५ सेंटिमीटर व्यासाच्या भोवऱ्यावर तिचे १५-१६ वेढे बसतात आणि फुगीर भागाच्या थोडं खाली संपतात. जास्त लांब दोरी घेतली तर वेढे एकमेकांवर चढतात आणि फेकताना अडकतात. बोटाला फास बांधू नका, झटक्यानं आवळतो. त्याऐवजी टोकाला शर्टाचं जुनं बटण बांधायचं आणि दोरी दोन बोटांच्या फटीत धरायची. गुंडाळण्याआधी दोरी पाण्यात बुडवून घट्ट पिळून घेतली की पकड लगेच सुधारते.

आर गाडीवरच तपासा. भोवरा सपाट फळीवर आडवा ठेवून गोल लोळवा. आरेचं टोक वरखाली होत असेल तर ती मधोमध ठोकलेली नाही. असा भोवरा कितीही जोरात फेकला तरी थरथरत फिरतो आणि लवकर बसतो. आरेच्या बुडाशी केसाएवढी चीर दिसली तरीही ठेवून द्या. खराद्यानं (लाकूड कातणाऱ्यानं) लाकूड रेषांच्या दिशेनं उभं धरलेलं असतं. आधी बारीक भोक न पाडता आर ठोकली की त्या रेषांवरच ते उकलतं, आणि दुसऱ्या भोवऱ्याच्या आरेचे दोन-चार घाव, म्हणजे गुच्चे, बसले की भोवऱ्याची दोन शकलं होतात. नुसती आर सैल झाली असेल तर मात्र घरी दुरुस्त होते: काढा, भोकात फेविकॉल आणि आगकाडीची चिरफळी घाला, पुन्हा ठोका आणि रात्रभर वाळू द्या.

नव्या आरेचं टोक फार अणकुचीदार असतं. मातीत ते रुततं, कोटा स्टोनवर ओरखडे काढतं. ओटल्याच्या खडबडीत कडेवर घासून ते ज्वारीच्या दाण्यासारखं गोलसर करा. हे काम मुलांनाच द्या, तासभर रमतात.

पुढचं त्यांना शिकवावं लागत नाही. रिंगणात भोवरे ठेवून गुच्चे मारणं आणि हातजाळी (फेकलेला भोवरा वरच्यावर तळहातावर झेलणं) तर आहेच, पण सोबत नियमांचा कागद नसल्यामुळे मुलं आपले खेळ काढतात, आणि या खेळण्याची खरी किंमत तिथे आहे. फरशीवर खडूनं आठ घरांचं चक्र काढायचं आणि भोवरा ज्या घरात बसेल तेवढे गुण घ्यायचे. तळहातावर फिरता भोवरा घेऊन या ओटल्यावरून त्या ओटल्यावर ‘टपाल’ पोचवायचं. भर दुपारी बाहेर पडता येत नाही, तेव्हा फरशीवर रांगोळीचा पातळ थर पसरून त्यात भोवरा सोडायचा. आर रेघ ओढत जाते, आणि वेग उतरून भोवरा डोलायला लागला की त्या रेघेला वेटोळी पडतात. आणखी एक करून पाहा: पुठ्ठ्याची ६ सेंटिमीटरची चकती अर्धी निळी, अर्धी पिवळी रंगवून भोवऱ्याच्या डोक्यावर बसवा. रंगपेटीच्या सवयीनं सगळी मुलं हिरवा रंग सांगतात. दिसतो मात्र करडा, कारण इथे रंग कालवले जात नाहीत, दोन्ही रंगांचा प्रकाश डोळ्यात एकत्र होतो. चकती डोक्याच्या मधोमधच हवी, नाहीतर भोवरा कलंडतो.

शिकणाऱ्यानं आर खाली ठेवून कमरेच्या उंचीवरून आडवा फेकावा आणि दोरी संपत आली की मनगट मागे खेचावं. झटका आधी दिला तर भोवरा उलटा येतो. डोक्यावरून फेकणं सरावानंतर. बाकीच्यांनी २ मीटर लांब उभं राहायचं, पायात चप्पल हवीच. गॅलरीत किंवा गच्चीच्या कडेला अजिबात नको.

पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना हा देऊ नका. त्यांना चिमटीनं फिरवायची, बिनआरेची लाकडी चकरी द्या.

रंगाची मात्र तक्रार आहे. जवळच संखेड्याला खरादकाम आणि लाखेच्या रंगाची एवढी परंपरा असताना इथे साधा तैलरंग फासलेला असतो. तो आठवडाभरात उडतो. फिरण्यात त्यानं काही बिघडत नाही, उलट उघड्या लाकडावर दोरी जास्त चांगली धरते. मोठा, ७ सेंटिमीटरचा भोवरा दहा वर्षांखालच्या मुलाच्या मुठीत मावत नाही. ५ सेंटिमीटरचाच घ्या आणि दोरी दोघांपुरती, ३ मीटर आणा.