तीन पाणबुडी-खेळ आणि हायड्रोफोनची खोली

पाणबुडीचा सिम्युलेशन गेम निवडताना लोक आधी समुद्राच्या लाटा आणि स्फोट बघतात. खरी पारख हायड्रोफोनच्या, म्हणजे पाण्यातले आवाज ऐकायच्या यंत्राच्या, खोलीत होते. पेरिस्कोप खाली घेतला की पाणबुडीकडे कानच उरतात, आणि ते कान खेळाने किती इमानाने बनवलेत यावर बाकी सगळं उभं राहतं. ‘सायलेंट हंटर ३’ (2005), ‘वुल्फपॅक’ आणि ‘यूबोट’ या तिन्हींत दुसऱ्या महायुद्धातली जर्मन टाइप ७-सी पाणबुडी आहे, त्यामुळे तुलना सरळ करता येते.

आधी मांडणी. खरी ७-सी सुमारे 67 मीटर लांब, पण माणसं ज्यात राहत त्या दाबकवचाचा जास्तीत जास्त व्यास 4.7 मीटरच. हायड्रोफोन आणि रेडिओच्या खोल्या शेजारी-शेजारी, समोर कप्तानाचा बिछाना, आणि मागच्या भिंतीतल्या गोल दारापलीकडे नियंत्रण कक्ष. ऐकणाऱ्याने मान वळवली की कप्तान समोर. ‘सायलेंट हंटर ३’ने ही जवळीक छान पकडली आहे, मात्र नियंत्रण कक्ष, मनोरा, त्याच्या माथ्यावरची उघडी टेहळणीची जागा (ब्रिज) आणि या दोन खोल्या सोडल्या तर आत फिरायला काही नाही. टॉर्पेडो कक्ष नाही, इंजिनं नाहीत. इथे ‘यूबोट’ सरळ पुढे जातो. पाणबुडी उभी कापून दाखवावी तसे टॉर्पेडोच्या पुढच्या चार नळ्यांपासून मागच्या एका नळीपर्यंतचे सगळे कप्पे दिसतात. पाणी कुठे शिरलं, कुठली माणसं तिथून हलवायची, पंप आधी कुठे लावायचा हे त्या चित्रावरूनच ठरतं.

आता यंत्रं. जीएचजी म्हणजे नाळेच्या (पाणबुडीच्या पुढच्या टोकाच्या) दोन्ही बाजूंना बसवलेले हायड्रोफोनचे समूह. बाजूने येणारा आवाज त्यात सर्वांत नेमका कळतो, थेट पुढचा आणि मागचा ढोबळ. केडीबी म्हणजे पुढच्या डेकवरचं फिरतं, टी-आकाराचं यंत्र. दिशा चांगली देई, पण उघड्यावर असल्याने डेप्थ चार्जच्या (पाण्यात खोलवर फुटणाऱ्या बॉम्बच्या) धक्क्याने पटकन निकामी होई. बाल्कोन हे तिसरं ऐकायचं यंत्र नाळेखाली आलं ते युद्धाच्या उत्तरार्धात. ‘सायलेंट हंटर ३’ ही तिन्ही एकाच जागेवरच्या चढत्या सुधारणा म्हणून विकतो. हे चूक आहे, कारण खऱ्या पाणबुड्यांवर केडीबी जीएचजीच्या जोडीला असे. त्याहून मोठा दोष म्हणजे त्यातला खलाशी नुसतं ऐकून अंतर मीटरमध्ये सांगतो. निष्क्रिय, म्हणजे स्वतः आवाज न सोडता नुसता ऐकणारा, हायड्रोफोन दिशा देतो, अंतर नाही. अंतर विचारायची आज्ञा वापरूच नका, आणि नकाशावर आपोआप उमटणाऱ्या जहाजांच्या खुणा वास्तवतेच्या पर्यायांत बंद करा. तेवढं केलं की जुना खेळ एकदम जिवंत होतो.

मग हाताने ऐकायचं ते असं. 20 ते 25 मीटर खोल जा आणि वेग 2 नॉटपर्यंत (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) उतरवा. जास्त वेगात आपलाच पंखा ऐकू येतो. हायड्रोफोनचं चाक सावकाश पूर्ण फिरवा. आवाज सापडला की तो कुठे सुरू होतो आणि कुठे विरतो ते दोन्ही कोन टिपा, मधला कोन हीच दिशा. ती आपल्या नाळेपासून मोजलेली असते, म्हणून त्यात आपल्या मार्गाचा कोन मिळवा आणि बेरीज 360 झाली किंवा त्यापुढे गेली तर 360 वजा करा. इथे घाईत चूक होते आणि सगळा आराखडा भलतीकडे जातो. जड, संथ धपधप म्हणजे मालवाहू जहाज, पातळ आणि जलद सळसळ म्हणजे युद्धनौका. आवाज नाळेकडे किंवा मागे असेल तर पाणबुडी वळवून तो बाजूला घ्या. दर तीन मिनिटांनी दिशा पुन्हा टिपा. दिशा बदलत नसेल आणि आवाज वाढत असेल, तर जहाज तुमच्याशी धडकेल अशा मार्गावर आहे.

वेग काढायला पेरिस्कोप वर घेऊन अंतरं मोजावी लागतात. 3 मिनिटं 15 सेकंदांत जहाज जितके शंभर मीटर सरकतं, तितके नॉट त्याचा वेग: 800 मीटर म्हणजे 8 नॉट.

हे सगळं हाताने करायला भाग पाडतो तो ‘वुल्फपॅक’. एकाच पाणबुडीत कोणी खेळाडू सुकाणूवर, कोणी हायड्रोफोनवर, कोणी पेरिस्कोपवर. ऐकणाऱ्याने दिशा चुकीची ओरडली तर टॉर्पेडो चुकतोच. ऐकण्याच्या बाबतीत तिन्हींत हाच पहिला, पण सोबती नसतील तर त्यातली निम्मी मजा जाते. ‘यूबोट’मध्ये हायड्रोफोनवर अधिकारी बसवावा लागतो. मोजक्या अधिकाऱ्यांतला एक तिथे अडकला की दुसरं काम थांबतं, आणि ही ओढाताण खऱ्यासारखी वाटते.

एकट्याने खेळणाऱ्याने ‘यूबोट’ घ्यावा. संगणक जुना असेल तर ‘सायलेंट हंटर ३’. आणि कुठलाही घेतला तरी हेडफोन लावा. लॅपटॉपच्या स्पीकरवर दूरच्या मालवाहू जहाजाची खालची धपधप पोहोचतच नाही.