इंडक्शन शेगडी तापत नाही: दुरुस्त करायची की बदलायची?

आकडे दिसतात पण पाणी गरम होत नाही, ही एक तक्रार. बटण दाबूनही काहीच लागत नाही, ही दुसरी. दोन्हींचा निर्णय वेगळा होतो.

पहिल्या तक्रारीत आधी भांडं तपासा. तळाला लोहचुंबक घट्ट चिकटला पाहिजे. ॲल्युमिनियमचं पातेलं किंवा साधा हिंदालियमचा कुकर ठेवला तर शेगडी बीप करून थांबते, तिच्यात बिघाड नसतो. भांडं योग्य असूनही ती मध्येच बंद पडत असेल तर खालच्या पंख्याकडे बघा. तेलकट धुळीने किंवा झुरळांनी तो अडला की आत उष्णता कोंडते आणि शेगडी स्वतःच थांबते. काचेखालचा तापमानाचा सेन्सर बिघडला तरी असंच होतं. हे भाग स्वस्त असतात, त्यामुळे इथे दुरुस्तीच करा.

शेगडी पूर्ण बंद असेल तर आधी ती दुसऱ्या १६ अँपिअरच्या पॉइंटवर लावून पाहा. तरीही बंदच राहिली तर बहुधा फ्यूज उडालेला असतो, पण तो सहसा एकटा जात नाही. मागे आयजीबीटी, म्हणजे कॉइलची वीज वेगाने चालू-बंद करणारा भाग, शॉर्ट झालेला असतो, अनेकदा ब्रिज रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारा भागही. नुसता फ्यूज बदलला तर तो लगेच पुन्हा उडतो. जाणता मेकॅनिक हे भाग बदलून, कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) तपासून, शेगडी आधी १०० वॅटच्या बल्बबरोबर सिरीजमध्ये, म्हणजे वीज बल्बमधूनच शेगडीत जाईल अशी जोडून, सुरू करतो. शॉर्ट शिल्लक असेल तर बल्ब प्रखर पेटतो आणि नवा आयजीबीटी वाचतो. तुमचा मेकॅनिक ही चाचणी करतो का, हे जरूर विचारा. ‘कॉइल जळली’ असं कोणी सांगितलं तर ती समोर दाखवायला सांगा, कारण तांब्याची कॉइल क्वचितच जाते.

घरी मात्र आतल्या सर्किट बोर्डाला हात लावू नका. आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो काही काळ टिकू शकतो.

बोर्ड काळा पडला असेल किंवा तोच भाग दुरुस्तीनंतर पुन्हा गेला असेल, तर नवीच घ्या. काचेला तडा दिसला तर त्या क्षणापासून वापर थांबवा. उतू गेलेलं दूध त्यातून थेट विजेच्या भागांवर जातं.

नवी घेताना इन्फ्रारेड शेगडीचाही विचार करा; तिच्यात काचेखालची तार तापून भांड्याला उष्णता देते. तिच्यावर ॲल्युमिनियम, तांबं, स्टील सगळं चालतं आणि जळायला आयजीबीटीच नसतो. पण ती तापायला वेळ घेते आणि बंद केल्यावरही काच बराच वेळ चटका देते. लहान मुलं असलेल्या घरात मी इंडक्शनच घेईन. तिची काच फक्त भांड्याच्या उष्णतेने तापते, म्हणून लवकर निवते. घरातली बहुतेक भांडी ॲल्युमिनियमची असतील आणि ती बदलायची नसतील, तर इन्फ्रारेड बरी. २००० वॅटची कुठलीही शेगडी २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर ओढते, तेव्हा ६ अँपिअरच्या पॉइंटवर यांपैकी एकही लावू नका.