सिबिलचा मोफत रिपोर्ट: मी वापरून बघितला, तुम्हीपण काढाच

होम लोनसाठी अर्ज करायचा होता म्हणून सिबिलच्या, म्हणजे आपल्या कर्जांची आणि कार्डांची परतफेड कशी झाली याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या साईटवर जाऊन वर्षातून एकदा मिळणारा फ्री रिपोर्ट काढला, पॅन नंबर आणि ओटीपी टाकला की झालं. आरबीआयच्या नियमाने असा पूर्ण रिपोर्ट अशा नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांनी (ब्युरोंनी) फुकट द्यायचा असतो, म्हणजे सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. आणि स्वतःचा स्कोअर (परतफेडीच्या नोंदीवरून मिळणारे गुण) स्वतः बघितला तर तो कमी होत नाही, ही भीती आधी मनातून काढा.

स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, पण खरा माल आतल्या पानांवर आहे हो, प्रत्येक कार्डाचा महिन्यामहिन्याचा हिशोब, किती दिवस उशीर झाला, कोणत्या बँकेने कधी चौकशी केली सगळं. माझं एक जुनं कार्ड मी बंद केलेलं, पैसे पूर्ण भरलेले, तरी बँकेने ते थकीतच दाखवलेलं! खूप वाईट वाटलं, कारण मी एकही ईएमआय चुकवला नव्हता.

तिथूनच ऑनलाईन डिस्प्युट टाकला. लक्षात घ्या, ब्युरो स्वतःहून आकडा बदलत नाही, बँकेने दुरुस्ती मान्य करावी लागते, म्हणून बँकेलाही नो ड्यूजचं (काही देणं बाकी नसल्याचं) पत्र जोडून मेल केला. ३० दिवसांत तक्रार सुटली नाही तर पुढे रोज १०० रुपये भरपाईचा नियम आहे, माझं तीन आठवड्यांत झालं.

पाचपैकी साडेचार स्टार. घरातल्या मोठ्यांचाही काढून द्या, विशेषतः कोणाला जामीन राहिले असतील तर, ते कर्जही त्यांच्या रिपोर्टात दिसतं.